रात्री गाडी रस्त्यावर ठेवली तर पोलीस उचलतात का?

प्रश्न : आम्ही रत्नागिरीत जुन्या आळीत राहतो, आवारात एक स्कूटर जेमतेम मावते. गणपतीला भाऊ मुंबईहून येतो तेव्हा त्याची गाडी रस्त्यावरच असते. यंदा शेजारचे काका म्हणाले आमच्या गडग्यासमोर (कुंपणाच्या भिंतीसमोर) लावायची नाही, ती जागा आमची, आणि रात्री रस्त्यावर गाडी ठेवायला कायद्यानेच बंदी आहे. खरंय का हे?
– एक वाचक

उत्तर : नाही, गडग्याबाहेरचा रस्ता सार्वजनिक, तो काकांचा नाही आणि तुमचाही नाही. पण त्यांच्या बेड्यासमोर, म्हणजे फाटकासमोर लावली असेल तर मात्र काकांचं बरोबर, कारण २०१७ च्या ड्रायव्हिंगच्या नियमांत कुणाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर गाडी लावायला मनाई आहे, तशीच फुटपाथवर आणि चौकापासून ५० मीटरच्या आतही.

केवळ रात्र झाली म्हणून सरसकट बंदी मोटार वाहन कायद्यात नाही. पण त्यातलं कलम १२७ भावाला जरूर सांगा, सार्वजनिक जागी १० तास किंवा जास्त वेळ गाडी नुसती सोडून दिलेली असेल तर गणवेशातला पोलीस अधिकारी ती उचलायला किंवा चाकाला जॅमर लावायला सांगू शकतो आणि खर्च मालकाकडून घेतात. रात्री ९ ला लावली तर सकाळी ७ ला १० तास झालेच की! आपले चाकरमानी तर एकदा गाडी लावली की थेट विसर्जनालाच हलवतात. नो पार्किंगमधे असेल तर १० तासांची वाटही बघायची गरज नाही, शिवाय दंड पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा सापडलात तर १५०० रुपये.

सम-विषम तारखेचं पार्किंग असेल तिथे बोर्डवरची वेळ नीट वाचा. वेळ लिहिलेली नसेल तर रात्री १२ ला तारीख बदलते आणि झोपेत असताना तुमची बाजू चुकीची होते, हे लोक हमखास विसरतात.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. आपल्या आळ्या अरुंद, एका बाजूला चिऱ्याचा गडगा आणि दुसरीकडे उघडं गटार, त्यात दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या तर रात्री अ‍ॅम्ब्युलन्स किंवा बंब आत कसा येणार? म्हणून सगळ्यांनी एकाच बाजूला लावायचं हे आळीत बसून आधीच ठरवा, पाहुणे यायच्या आधी. आणि भावाचा फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहून काचेआड ठेवा, काकांनाही देऊन ठेवा, म्हणजे रात्री २ वाजता गाडी हलवायची वेळ आली तर कुणाला दारं ठोठावत फिरायला नको.