नातवाला घेऊन पहिल्यांदा निघताय ना, भाऊ?

भाऊ, दोन वर्षांच्या लेकराला घेऊन एकाच दिवसात सेवाग्राम, पवनार अन् वर्धेचा बाजार करायचं म्हणता, तर त्यातलं एकच ठेवा. मी सेवाग्राम ठेवीन. बापू १९३६ मध्ये तिथं राहायला आले, पण नातवाला त्याचं काय! त्याला तिथली सपाट मोकळी जागा अन् मोठ्या झाडांची सावली पुरे. माझी नात बापूकुटी सोडून तासभर मुंग्यांच्या रांगेपाशीच बसली होती. मी ओढत नेलं नाही, तेच बरं झालं. पवनारला धाम नदी आहे. एकट्या आजोबानं तिथं लेकरू सांभाळणं मला पटत नाही. सोबत आणखी एक मोठं माणूस असेल तरच जा.

सकाळच्या एसटीनंच निघा. पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीट नसतं, पण त्याला मांडीवर घट्ट धरा. अकराच्या आत सावलीला या अन् उन्हाळा असेल तर हा बेत दिवाळीनंतरवर ढकला. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो.

डब्यात मऊ वरण-भात अन् केळं, घरचं उकळलेलं पाणी. फुटाणे, शेंगदाणे, बोरं अजिबात नकोत. एवढ्याशा लेकराच्या घशात दाणा अडकला की श्वासच कोंडतो, अन् बसमध्ये कौतुकानं हातावर फुटाणे ठेवणारे भेटतातच. त्यांना हात जोडून नाही म्हणा.

दुपारी झोपेच्या वेळेआधी परतीची गाडी धरा.