बर्फातला घाट सायकलने चढता येतो, पण कपडे उताराचे घ्या

तुम्ही विचारलंय की घाट चढायचा सराव आहे, पण बर्फात कधी सायकल चालवली नाही. तर बर्फ पडलेला घाट चढता येईल का आणि टायर कोणते लावावेत?

चढता येईल. टायरचं सांगतोच, पण त्याआधी एक विचारतो: उतरणार कसे?

चढताना तुमचा वेग ताशी सात-आठ किलोमीटर असतो. वारा लागत नाही, अंग तापतं आणि तासाभरात आतला शर्ट घामाने ओला होतो. माथ्यावर पोचलात की पाय थांबतात, म्हणजे अंगातली भट्टी बंद. वर ओला कपडा आणि उताराचा वारा. हवेचं तापमान शून्य अंश असलं, तरी ताशी ४० किमीने उतरताना अंगाला ते उणे सातसारखं लागतं. सगळ्यात आधी बोटं जातात, आणि ब्रेक असतात बोटांच्याच भरवशावर.

१९८८च्या जिरो द'इतालिया या इटलीतल्या मोठ्या सायकल शर्यतीत ५ जूनला गाविया खिंडीत बर्फाचं वादळ आलं. जोहान व्हान डर व्हेल्डे माथ्यावर सगळ्यांच्या पुढे होता, अर्ध्या बाह्यांच्या जर्सीत. उतारावर थंडीने तो इतका गारठला की वाटेत आसरा घ्यावा लागला आणि टप्पा संपेपर्यंत तो पाऊण तासाहून अधिक मागे पडला. अँडी हॅम्पस्टनच्या संघाने त्याच सकाळी दुकानांतून गरम कपडे गोळा केले होते. त्या दिवशी गुलाबी जर्सी, म्हणजे एकूण शर्यतीत आघाडीवर असलेल्याचा मान, हॅम्पस्टनला मिळाली आणि पुढे शर्यतही त्यानेच जिंकली. एवढ्या कसलेल्या गड्यांची ही गत, तर तुमची-माझी काय कथा!

म्हणून मी चढायला सुरुवात करतानाच एक थर कमी घालतो. पहिली दहा मिनिटं कुडकुडत जातात, जाऊ द्यावीत. पिशवीत कोरडा बनियन, जाड हातमोज्यांचा दुसरा जोड आणि वारा अडवणारं जाकीट असतंच. माथ्याच्या थोडं अलीकडे, वाऱ्याच्या आडोशाला थांबून कपडे बदलायचे. अगदी माथ्यावर फोटोच्या नादात थांबलात, तर गारठलेल्या बोटांनी जाकिटाची चेन लावणंही जमत नाही.

आता टायर. रस्त्यावर गोठलेला, काचेसारखा बर्फ असेल तर कार्बाइडचे (एका फार कठीण धातूसारख्या पदार्थाचे) बारीक खिळे असलेल्या टायरला पर्याय नाही. भुसभुशीत, खोल बर्फात मात्र खिळ्यांपेक्षा टायरची रुंदी आणि खोल नक्षी कामाला येते. दोन्हीकडे हवा नेहमीपेक्षा कमी ठेवा. एकच खिळ्यांचा टायर परवडत असेल तर तो पुढच्या चाकाला लावा. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं. पुढचं घसरलं की थेट जमिनीवर.

चढावर उभं राहून पेडल मारायची सवय इथे सोडा. बुड सीटवरून उचललंत की मागच्या चाकावरचा भार जातो आणि ते जागच्या जागी फिरतं. हलका गिअर, बसूनच, एकसारखा दाब. गाड्यांच्या चाकोरीत बर्फ दबून गुळगुळीत झालेला असतो. कडेच्या न दबलेल्या ताज्या बर्फात पकड पुष्कळदा जास्त मिळते. फार थंडीतला कोरडा बर्फ टायरखाली करकरतो, तो चांगला. शून्याच्या आसपासचा ओला बर्फ सगळ्यात वाईट, तो मडगार्डमध्ये आणि गिअरमध्ये ठासून बसतो. चाकच फिरेनासं झालं तर उतरून सायकल ढकला, त्यात लाज कसली?

वर जाताना रस्ता वाचत जा, कारण परत त्यावरूनच यायचंय. दुपारी कुठे वितळलेलं पाणी रस्ता ओलांडतंय, कुठलं वळण दिवसभर सावलीत आहे, पूल कुठे आहे. ऊन कललं की हीच ठिकाणं आधी गोठतात आणि तिथला पातळ बर्फ नुसत्या ओल्या डांबरासारखा दिसतो. अशा जागी ब्रेक वळणाआधीच लावून घ्यायचे. वळणात पुढच्या ब्रेकला हातही लावायचा नाही. रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कडेला, म्हणजे रिमला, चिमटणारे) असतील तर उतरताना मधूनमधून हलकेच दाबत राहा, नाहीतर रिमवर बर्फ जमतो आणि ऐन वेळी ब्रेक लागत नाहीत. चाकाच्या मध्याजवळच्या चकतीवर लागणाऱ्या डिस्क ब्रेकला हा त्रास बराच कमी. उतरायला दिवसाउजेडी सुरुवात करता येणार नसेल, तर माथा राहिला तरी चालेल, मागे फिरा.

बाकी किरकोळ: गॉगल ढगाळ दिवशीही हवा, ताज्या बर्फावरून अतिनील किरणं जवळजवळ ८० टक्के परत फिरतात. पाण्याची बाटली उलटी लावा, पाणी वरून गोठायला लागतं, तोंड मोकळं राहतं. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी भराभर उतरते. आणि रस्त्यावर मीठ टाकलेलं असेल तर घरी आल्याबरोबर चेन धुऊन, पुसून तेल द्या.