बुरशीचं औषध वाढवलं आणि पेशीच आजारी पडल्या

प्रश्न: मॅडम, मी एमएस्सी बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवतात त्या माणसाच्या कर्करोगाच्या पेशी) वाढवतेय. मागच्या आठवड्यात दोन फ्लास्कमध्ये बुरशी आली म्हणून बाकीच्या फ्लास्कमध्ये अँफोटेरिसिन बी नेहमीच्या चौपट टाकलं, मीडियात (पेशी वाढवायच्या द्रवात) सीरम, म्हणजे रक्तातला पेशीविरहित द्रव, नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेशी गोल झाल्या, काही सुटून तरंगायला लागल्या. पण ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या पेशींना निळं करणारा रंग) टाकून मोजलं तर ८५ टक्के जिवंत! औषध तर बुरशीचं आहे ना, मग माझ्या पेशींना काय झालं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

आधी हिशोब बघू. स्टॉक बहुतेक मिलीला २५० मायक्रोग्रॅमचा असतो, १०० मिली मीडियात १ मिली टाकला की मिलीला २.५ मायक्रोग्रॅम होतात आणि ही नेहमीच्या वापरातली वरची बाजू आहे, म्हणजे चौपट केल्यावर तू थेट १० वर गेलीस, आणि वर सीरम नाही. सीरममधली प्रथिनं आणि लिपिड बरंचसं औषध धरून ठेवतात, ते काढलं की तोच डोस पेशींना जास्त लागतो. माझ्या मते तुझी खरी चूक इथे झाली, चौपट डोसपेक्षाही.

आता औषध करतं काय? बुरशीच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल. दोन्ही एकाच घरातली भावंडं, थोडाच फरक. अँफोटेरिसिन एर्गोस्टेरॉलला जास्त घट्ट चिकटतं म्हणून ते बुरशीचं औषध, पण कोलेस्टेरॉलला चिकटतच नाही असं अजिबात नाही. चिकटलं की पटलात बारीक भोकं पडतात (स्टेरॉलच पटलातून ओढून काढतं असंही दाखवलं गेलंय), मग आतलं पोटॅशियम बाहेर, बाहेरचं सोडियम आत, आणि पटलातला सोडियम-पोटॅशियम पंप बिचारा एटीपी (पेशीचं इंधन) जाळत ते परत ढकलत बसतो. पोटॅशियम उतरलं की प्रथिनं बनायची मंदावतात, म्हणून पेशी मरायच्या आधी नुसत्या रुसून बसतात, वाढत नाहीत, कडा आखडतात. तुला ज्या गोल दिसल्या त्यातल्या बऱ्याच अशाच असणार. डोस अजून वाढला तर मोठे रेणूही गळतात, पाणी आत शिरून पेशी फुगते आणि फुटते.

आणि तुझे ८५ टक्के? ही भोकं आयन आणि अगदी लहान रेणू जातील एवढीच असतात, ट्रायपॅन ब्लूचा रेणू त्यातून आत जात नाही. त्यामुळे पोटॅशियम गळत असलेली पेशी सुद्धा पांढरी, स्वच्छ दिसते आणि आपण तिला जिवंत म्हणून मोजतो. शिवाय सुटलेल्या पेशी मीडियासोबत ओतून दिल्या असशील तर त्या मोजल्याच गेल्या नाहीत गं. एलडीएच (फाटलेल्या पेशीतून बाहेर गळणारं एन्झाइम) बघितलंस तरी ते मोठं प्रथिन, ते उशिरा बाहेर येतं. एमटीटी (पेशींचं काम चालू आहे का ते रंगावरून दाखवणारी चाचणी) कर, आणि औषध काढून टाकल्यावर दोन-तीन दिवसांनी पेशी खरंच वाढतायत का ते मोज, मला तरी त्याच आकड्यावर भरवसा वाटतो.

हीच गोष्ट माणसातही दिसते. २०२१ मध्ये म्युकरच्या (काळ्या बुरशीच्या) वेळी हे इंजेक्शन घराघरात माहीत झालं, तेव्हा ज्यांना साधं अँफोटेरिसिन दिलं जायचं त्यांचं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम रोज का बघायचे, तर किडनीच्या पेशींनाही कोलेस्टेरॉलचंच पटल आहे. लायपोसोममध्ये (चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत) भरलेलं औषध किडनीला सोसतं, म्हणून त्याच्यासाठी एवढी धावाधाव होती.

आणि ही औषधं काही सगळी परदेशातच सापडली असं नाही हं. नायस्टॅटिन १९५० मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोघींनी शोधलं, नावही त्या राज्यावरूनच, पण नायस्टॅटिन आणि अँफोटेरिसिन ज्या पॉलिइन कुळातले, त्याच कुळातलं हॅमायसिन आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं आणि ज्या जिवाणूपासून ते मिळालं त्याचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना! पुण्याजवळच्या मातीची ही गोष्ट मुलांना माहीत नसते याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता तू काय करायचंस. बुरशी दिसलेले फ्लास्क हूडमध्ये उघडायचे नाहीत, तसेच बंद ऑटोक्लेव्हला. हेलासारख्या कुठेही मिळणाऱ्या पेशी वाचवायच्या भानगडीत पडू नकोस, गोठवून ठेवलेली जुनी व्हायल वितळव. न मिळणारी लाइन असेल तरच वेगळ्या इन्क्यूबेटरमध्ये ठेव, आधी औषधाचे चार-पाच डोस लावून पेशी कुठे कुरकुरतात ते बघ आणि त्याच्या एक पायरी खालच्या डोसवर दोन-तीन पॅसेज (पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या फेऱ्या) चालव, मग औषध पूर्ण बंद करून चार-सहा पॅसेज वाट बघ. नाहीतर बुरशी मेली की फक्त दबून राहिलीय ते कळत नाही. आणि बाटली फॉइलमध्ये गुंडाळून ठेव, उजेडात हे औषध खराब होतं.

ज्या फ्लास्कमध्ये बुरशी नाही त्यांना आजच साध्या, सीरम असलेल्या मीडियाने धू. चिकटून असलेल्यांपैकी काही दोन दिवसांत परत पसरतील, न पसरल्या तर त्या डेटावर प्रोजेक्ट उभा करू नकोस. आणि इन्क्यूबेटरच्या खालच्या ट्रेमधलं पाणी शेवटचं कधी बदललं ते तुमच्या लॅब असिस्टंटना विचार, बुरशी कुठून आली हे शोधायला मी तर आधी तिथेच बघितलं असतं.