मुंबईत ग्रंथालयातल्या सिस्टिमची नवी नोकरी लागली आहे, शहरही नवीन आहे. सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की अमरावतीला एम.लिब. झालं आणि जूनमध्ये चर्चगेटजवळच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात रुजू व्हायचंय. काम म्हणजे कोहा हे ग्रंथालय चालवण्याचं सॉफ्टवेअर सांभाळायचं आणि जुन्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदी त्यात आणायच्या. मुंबईत ओळखीचं कुणी नाही. घर कुठे बघू आणि सिस्टिमचं काम एकटीला झेपेल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

नऊ वर्षांपूर्वी परभणीहून देवगिरी एक्सप्रेसने सकाळी दादरला उतरले तेव्हा माझ्याही डोक्यात हेच दोन प्रश्न होते. आज दोन्हींना माझं एकच उत्तर आहे. पहिले तीन महिने सर्व्हरच्या खोलीत बसू नका, देवघेव काउंटरवर बसा.

असं का म्हणते ते सांगते. मला 'सिस्टिमवाल्या मॅडम' म्हणून मागच्या बाजूला वेगळी केबिन दिली होती. एसी, सर्व्हर, यूपीएस आणि मी. दीड महिना मी तिथेच होते. डबाही तिथेच एकटीने खायचा आणि संध्याकाळी पीजीवर जाऊन आईला फोन करून रडायचं. मग परीक्षेच्या तोंडावर काउंटरवरचे एक जण रजेवर गेले आणि ग्रंथपाल मॅडमनी मला तिथे बसवलं.

दुसऱ्याच दिवशी एक सर आले. त्यांना रसायनशास्त्राचं एक मराठी पुस्तक हवं होतं, नावात 'ॲसिड' हा शब्द होता. मी शोधलं, एकही नोंद नाही. पुन्हा टाइप केलं, तरी नाही. मी 'नाहीये सर' म्हणेपर्यंत आमचे परिचर, ज्यांना सगळं कॉलेज मामा म्हणतं, रॅकमधून पुस्तक घेऊनसुद्धा आले. म्हणाले, "मॅडम, ते आहे. दरवर्षी दोघं-तिघं तरी नेतात." मी दाखल अंक, म्हणजे पुस्तकाचा नोंदणी क्रमांक, टाकून पाहिलं तर नोंद होती. नावही तेच, अक्षरही तेच. तरी शोधात येत नव्हतं.

त्या रात्री मी पहिल्यांदा उशिरापर्यंत मनापासून काम केलं. कारण असं निघालं की 'ॲ' हे अक्षर आपल्याकडे तीन तऱ्हांनी टाइप होतं. एक म्हणजे युनिकोडमधलं, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीतलं, स्वतंत्र अक्षर, क्रमांक ०९७२. दुसरं म्हणजे साधा 'अ' आणि त्यावर वेगळा चंद्र, ०९०५ आणि ०९४५ अशी दोन चिन्हं. तिसरं म्हणजे हिंदी पद्धतीचं 'ऍ'. तिसरं निदान वेगळं दिसतं. पहिली दोन बऱ्याच फॉन्टमध्ये डोळ्यांना सारखीच, पण संगणकाच्या लेखी वेगळी. आमच्या नोंदी चार-पाच जणांनी वेगवेगळ्या कीबोर्डवर भरल्या होत्या, त्यामुळे तिन्ही रूपं सगळीकडे विखुरली होती. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे समान रूपं एकसारखी करणं, चालवून हे मिटत नाही, कारण युनिकोड ती दोन रूपं समान मानतच नाही. तुम्हाला स्वतः तक्ता करून ती बदलावी लागतील.

'शेतकऱ्यांचे', 'किनाऱ्यावर' अशा शब्दांतही हाच घोळ असतो. कुणी नुक्ता असलेला 'ऱ' घेऊन टाइप करतं, कुणी साधा 'र', हलन्त आणि मध्ये झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह घालतं. नोंदी कोहात चढवायच्या आधी एक्सपोर्ट फाइलमध्येच हे सगळं एका रूपात आणा. कुठलं रूप ठेवायचं हे पुस्तकात बघून ठरवू नका. काउंटरवर येणाऱ्या दहा मुलांना त्यांच्या मोबाइलवर 'ॲसिड' टाइप करून पाठवायला सांगा. जास्त जणांकडून जे रूप येईल ते धरा आणि उरलेलं गरजेपुरतं मार्कच्या, म्हणजे ग्रंथनोंदीच्या ठरलेल्या साच्याच्या, २४६ या फील्डमध्ये पर्यायी शीर्षक म्हणून द्या. कोहातल्या शोधासाठी झेब्रा हे इंजिन वापरत असाल तर त्यात आयसीयू इंडेक्सिंग, म्हणजे युनिकोडच्या नियमांनी शब्दसूची करण्याची सोय, चालू आहे ना, तेही पाहा. देवनागरीच्या शोधात त्याने बराच फरक पडतो.

तुमचा जुना डेटा श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असेल तर आधी तो युनिकोडमध्ये न्यावा लागेल. कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार नंतर. त्यामुळे 'आर्थिक', 'स्थिती', 'मार्गदर्शिका' असल्या शब्दांत अक्षरं हमखास इकडची तिकडे होतात. पाचशे नोंदी काढा, छापा आणि पेन घेऊन हाताने तपासा. कंटाळवाणं आहे. पण मी हे दोनशे नोंदींवर थांबवलं होतं आणि त्याची भरपाई पुढे वर्षभर करत होते.

लेखकांच्या नावांसाठी मात्र मामांसारख्या माणसाशेजारी बसा. आमच्याकडे कुसुमाग्रजांची पुस्तकं एका नावावर होती आणि शिरवाडकरांची दुसऱ्या. ते एकच, हे मराठी वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही, पण सिस्टिमला सांगावंच लागतं. ऑथॉरिटी नोंद, म्हणजे लेखकाचं प्रमाण नाव ठरवणारी नोंद, करून एक नाव मुख्य ठेवायचं, दुसरं तिच्या ४०० या फील्डमध्ये 'पाहा' म्हणून द्यायचं. आद्याक्षरांचं तर विचारूच नका. एकाच लेखकाचं नाव टिंब देऊन, टिंबाशिवाय, जागा सोडून, आडनाव आधी लिहून, असं सहा-सहा प्रकारे सापडतं. यातलं कोण कोण आहे हे मामांना तोंडपाठ होतं. ते दहावी शिकलेत. मी त्यांना माझ्या शेजारी खुर्ची दिली आणि आम्ही रोज दुपारी तासभर याद्या वाचायचो. तालिकीकरण, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करणं, मी विद्यापीठात शिकले, पण ग्रंथालयातली पुस्तकं मला त्या तासात कळली.

दंडाचा किस्साही काउंटरवरचाच. माझी पहिली दिवाळी. कोहाच्या कॅलेंडरमध्ये सुट्ट्या भरायच्या मी विसरले होते. कॉलेज उघडलं त्या दिवशी प्रत्येकाच्या नावावर सुट्टीतल्या सगळ्या दिवसांचा दंड चढलेला. एक मुलगी, कसाऱ्याहून येणारी, रांगेत माझ्यासमोर आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, ग्रंथालयच बंद होतं, तर पुस्तक कुठे परत करणार होते?" तिच्या हातात सुट्ट्या पैशांची पुरचुंडी होती. ती भरायलाच आली होती, भांडायला नाही. सगळा दंड मी त्या दिवशीच माफ करून घेतला, पण तिचा चेहरा अजून आठवतो. केबिनमध्ये बसले असते तर माझ्यापर्यंत फक्त एक आकडा आला असता. तुम्ही रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात वर्षभराच्या सुट्ट्या भरा आणि दंड कॅलेंडर बघून मोजला जातोय ना, ही सेटिंग तपासा. गणपतीच्या सुट्ट्यांचं पत्रक ऑफिसकडून मागून घ्या. ते आपल्यापर्यंत आपणहून येत नाही.

एकटीला झेपेल का, याबद्दल. कोहा हा माओरी शब्द आहे, त्याचा अर्थ भेट. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या छोट्या भागातल्या ग्रंथालयांसाठी ते बनलं, जानेवारी २००० मध्ये सुरू झालं आणि त्यांनी ते जगाला मोकळं करून दिलं. मोठी यंत्रणा हाताशी नसलेल्या ग्रंथालयासाठीच ते घडलंय. त्यामुळे तुम्हाला अडेल ते बहुतेक वेळा आधी कुणाला तरी अडलेलं असतं आणि त्याचं उत्तर सापडतं. एकटीने करायची गोष्ट एकच, बॅकअप. आणि नुसता घ्यायचा नाही, महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर तो उतरवून कोहा खरंच उभं राहतंय का ते बघायचं. परत उभा करून न पाहिलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही.

जूनमध्ये येताय म्हणून पावसाचंही सांगते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तसा रोज होत नाही, पण तळमजल्यावर पाणी शिरायला तेवढा लागतही नाही. सर्व्हर आणि यूपीएस जमिनीवर असतील तर पहिल्याच दिवशी उचलून वर ठेवायला लावा, कुणाला वाईट वाटलं तरी चालेल. बाहेरच्या भिंतीला चिकटलेली कपाटं वीतभर पुढे ओढून घ्या, नाहीतर श्रावणापर्यंत पुस्तकांच्या पाठीवर बुरशी येते. दमट हवेत बारकोडचे स्टिकर सुटतात. ते पुस्तकाच्या बाहेरच्या बाजूला असतील तर त्यांच्यावर पारदर्शक पट्टी लावून घ्या.

आता घर. मला घर दलालाने दिलं नाही, मामांनी दिलं. काउंटरवर बसायला लागल्यावर आठवडाभरात त्यांनी विचारलं, "राहता कुठे?" पीजीचं सांगितलं तर म्हणाले, "आमच्या बहिणीच्या बिल्डिंगमध्ये खोली रिकामी आहे, भांडुपला. बघून या." मी तिथे सहा वर्षं राहिले. म्हणून म्हणते, सुरुवातीला दोन-तीन महिने लेडीज पीजी किंवा वर्किंग विमेन्स होस्टेल घ्या आणि घराची घाई करू नका. कॉलेजातल्या माणसांना तुम्ही माहीत झालात की घरं कळायला लागतात.

मात्र लाईनची निवड आत्ताच मनाशी पक्की करा. चर्चगेट म्हणजे वेस्टर्न लाईन. भाडं कमी म्हणून डोंबिवली-बदलापूरकडे, म्हणजे सेंट्रल लाईनवर, घर घेतलंत तर रोज दोनदा दादरला गाडी बदलावी लागेल, आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला दादरचा पूल चढणं हे वेगळंच काम आहे. त्यापेक्षा खोली लहान घ्या, पण वेस्टर्नवरच. खोलीपासून स्टेशनपर्यंत चालायला किती वेळ लागतो तेही मोजा, भर पावसात मोजा. शेअर रिक्षाची रांग त्यात धरा. घरमालकाला पाणी किती वाजता येतं हे विचारायला विसरू नका. सकाळी सहा ते सात पाणी आणि तुम्ही सात पाचच्या गाडीला, तर पंचाईत होते. करार साधारण अकरा महिन्यांचा असतो, लीव्ह अँड लायसन्स. तो महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो, तेव्हा 'नोटरी करून टाकू' असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका. दलाल असेल तर एका महिन्याचं भाडं त्याचं धरून चाला.

लोकलची भीती वाटते असं तुम्ही लिहिलंय. पहिले पंधरा दिवस फास्ट गाडीच्या वाटेला जाऊ नका, स्लोने जा. लेडीज डब्यात शिरलात की बसलेल्या बायकांना विचारायचं, "कुठे?" म्हणजे तुम्ही कुठे उतरणार. एखादी 'अंधेरी' म्हणाली आणि ती जागा आधी कुणी मागितलेली नसेल, तर अंधेरीला ती जागा तुमची. कुठे लिहिलेलं नाही, पण हे सगळ्या पाळतात. मला हे एका भाजीवाल्या मावशींनी शिकवलं. त्यांनी माझी बॅग मांडीवर घेतली होती आणि ठाणं येईपर्यंत माझी सगळी माहिती काढली. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी जागा धरून ठेवली. या शहरात माझ्यासाठी थांबलेलं ते पहिलं माणूस.

आणि एक माझ्या मनातलं. तुमचं कॉलेज चर्चगेटला आहे, म्हणजे काळा घोडा हा भाग तुम्हाला चालत जाण्यासारखा आहे. डेव्हिड ससून लायब्ररीत जा, तिथे मागे बाग आहे. एशियाटिक सोसायटी १८०४ पासूनची, ती जिथे आहे ती टाऊन हॉलची इमारत १८३३ची. संध्याकाळी तिच्या पायऱ्यांवर माणसं नुसती बसलेली असतात, तुम्हीही बसा. सुट्टीच्या दिवशी दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय बघा, १८९८ साली निघालेलं. सिस्टिम बघायला नाही, वाचक म्हणून जा. पुस्तक शोधा, मागा, वाट बघा. दिवसभर आपण ज्यांच्यासाठी सेटिंग बदलत असतो त्यांना काय वाटत असेल ते काउंटरच्या पलीकडच्या बाजूने कळतं. मी अजूनही महिन्यातून एकदा तरी जाते.

रुजू झालात की जुना डेटा कुठल्या फॉन्टमध्ये आहे ते आधी बघा आणि मला कळवा. श्री-लिपी असेल तर वेलांटी-रफारचा बदलतक्ता माझ्याकडे तयार आहे, तो पाठवते.