सटाण्याहून नाशिकला गेलेला मुलगा "परत येतो" म्हणतोय, काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा बारावीनंतर नाशिकला इंजिनिअरिंगला आला, गंगापूर रोडला तिघांत रूम घेतली, आणि आता रोज रात्री फोनवर "मला इथं जमत नाही" म्हणतो. इन-सेमला, म्हणजे सेमिस्टर चालू असतानाच्या परीक्षेला, मार्क कमी आलेत आणि त्याचे बाबा त्याला सटाण्यातच बीएस्सीला घालायचं म्हणताहेत. मी नाशिकमध्ये मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर म्हणून बरीच वर्षं काढली. माझं स्पष्ट मत सांगतो : पहिलं सेमिस्टर पूर्ण होईपर्यंत त्याला परत नेऊ नका.

आधी मार्कांचं बघू. पुणे विद्यापीठाच्या पॅटर्नमध्ये सेमिस्टर चालू असतानाच्या मूल्यमापनाला 30 आणि एंड-सेमला, म्हणजे शेवटच्या परीक्षेला, 70 मार्क असतात, त्यामुळे आत्ता कमी पडले म्हणून विषय गेला असं होत नाही. कॅप राउंड, म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्या, लांबतात, ॲडमिशन उशिरा होते आणि पोरं वर्गात स्थिरावतात न स्थिरावतात तोच इन-सेम येऊन आदळते. त्यात भाषा. गावाकडं अकरावी-बारावीला पुस्तक इंग्रजी असलं तरी सर समजावतात मराठीतच. इथं एम-वन (पहिल्या सेमिस्टरचं गणित) आणि मेकॅनिक्सचं अख्खं लेक्चर इंग्रजीत. गावात पहिला आलेला मुलगा अशा वर्गात हात वर करून शंका विचारायला धजत नाही, आणि आपण मुळात हुशार नव्हतोच असं मनाशी धरून बसतो. हे मी दर वर्षी पाहिलंय. त्यातली बहुतेक पोरं दुसऱ्या सेमिस्टरला रुळली.

आता फोनचं. "जेवलास का, अभ्यास झाला का, मार्क किती?" याला तो "हो" शिवाय काय म्हणणार? मेसला आज भाजी कोणती होती, रूममेट कुठल्या गावचे, सिटीलिंकच्या बसला सोबत कोण असतं, हे विचारा. त्याच्या तोंडून वर्गातली दोन-तीन नावं सहज यायला लागली की समजा, पाय रोवायला लागलाय. दर शनिवारी घरी बोलावणंही थांबवा, महिन्यातून एकदा पुरे. रविवारी सकाळी पोरं पांडवलेणी चढून येतात, मग मिसळ खायला जातात. ओळखी तिथं होतात, आणि नेमका त्याच वेळी तो सटाण्याच्या गाडीत बसलेला असतो.

एक गोष्ट त्याच्या बाबांना जपून सांगा. कांद्याचा भाव पडला, डाळिंबावर तेल्या आला, हे घरात बोलायचंच. पण त्याच दमात फीचा आकडा त्याला ऐकवू नका. माझ्या वसतिगृहात एक मुलगा रात्रीची मेस बंद करून पारले-जीवर राहायचा. घरी कुणाला पत्ता नव्हता. विचारलं तर म्हणाला, "बापू उसने काढून पैसे पाठवतात, मी दोनदा कसा जेवू?" तुमची जमीन थोडी असेल तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेची माहिती कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर विचारा. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायचा असतो. मुदत निघून जाऊ देऊ नका.

मात्र काही गोष्टी दिसल्या तर सेमिस्टरची वाट बघत बसू नका. तो कॉलेजलाच जात नसेल, खाणं-झोप सुटली असेल, फोन उचलत नसेल किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलत असेल, तर त्याच दिवशी नाशिक गाठा, त्याला एकटं ठेवू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, तिथं मराठीत बोलता येतं. रूमवर सीनियर त्रास देतात का, हेही शांतपणे विचारा. पोरं हे घरी आपणहून सांगत नाहीत. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे आणि तो कॉलेजच्या आवाराबाहेरही लागू होतो. तक्रारीसाठी 1800-180-5522.

यातलं काही नसेल, तर बाबांना घेऊन एकदा कॉलेजात या. प्रत्येक मुलाला एक जीएफएम, म्हणजे पालक-शिक्षक, नेमून दिलेले असतात. त्यांना भेटा, हजेरी बघा, आणि एम-वनची शंका विचारायला कुणाकडं जायचं ते मुलासमोरच ठरवून घ्या. फक्त त्यांचा नंबर परस्पर मिळवू नका, मुलाकडूनच मागा. बीएस्सीचा विषय एंड-सेमचा निकाल लागल्यावर काढा. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटी असते, म्हणजे ते विषय बाकी ठेवून पुढच्या वर्गात जाता येतं. तेव्हाही तो परत यायचं म्हणाला, तर त्याचं ऐका.