हंबकरचा आवाज बारीक येतोय? नवा मागवण्याआधी वायरींचे रंग तपासा

तुमचा प्रश्न वाचला आणि काही वर्षांपूर्वीचे माझे टेबल डोळ्यांसमोर उभे राहिले. जुन्या, साध्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये ब्रिजच्या जागी, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथे, तुम्ही स्वस्तातला चार वायरींचा हंबकर बसवला; पिकअप म्हणजे तारांच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारा भाग, आणि हंबकर म्हणजे दोन कॉइलींचा (तारेच्या वेटोळ्यांचा) पिकअप. त्याचा आवाज बारीक आणि नाकातून आल्यासारखा येतो, शिवाय घरघर शेजारच्या सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलीच्या, पिकअपपेक्षाही जास्त आहे. मल्टिमीटर ८.१ किलोओहम रोध दाखवतो, विक्रेता पिकअप निर्दोष असल्याचे सांगतो, आणि म्हणून आता १५ किलोओहमचा, सिरॅमिक चुंबकाचा, ‘दणदणीत’ पिकअप मागवण्याच्या बेतात तुम्ही आहात. कृपया थोडे थांबा. हीच चूक मी अगदी याच क्रमाने केली आहे, आणि एका गिटारसाठी तीन पिकअप विकत घेऊन केली आहे.

मी पिकअप बनवणारा नाही. हौसेने जुन्या गिटारी दुरुस्त करणारा आहे, त्यामुळे पुढचे सगळे त्या मर्यादेत वाचावे. जुना पिकअप कसा काढावा, सोल्डर कसे करावे हे लिहीत नाही, कारण तुम्ही एक पिकअप बसवलाच आहे त्याअर्थी ते तुम्हाला येते.

माझा पहिला स्वस्त हंबकर आला तेव्हा पाकिटात दोन स्प्रिंगा, दोन स्क्रू आणि पिकअप एवढेच होते; जोडणीचा कागद नव्हता. केबलमधून लाल, काळी, पांढरी आणि हिरवी अशा चार वायरी आणि एक उघडी वायर बाहेर आली होती. सिमोर डंकन या कंपनीच्या पिकअपांची रंगपद्धत मला पाठ होती: काळी सिग्नलला, लाल आणि पांढरी एकमेकींना, हिरवी आणि उघडी अर्थला (ग्राउंडला). रंग तेच दिसले म्हणून मी तशीच जोडणी केली आणि काम नेटके दिसावे म्हणून सगळ्या वायरी बोटभर लांबीच्या ठेवून उरलेल्या कापून टाकल्या. डिमार्झिओ या दुसऱ्या कंपनीच्या पद्धतीतही हेच चार रंग असतात, पण तिथे लाल सिग्नलला जाते, काळी आणि पांढरी एकमेकींना जोडतात आणि हिरवी अर्थला जाते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. माझ्या पिकअपच्या कारखान्याने ही दुसरी पद्धत उचलली होती आणि तसे कुठेही छापलेले नव्हते.

या अदलाबदलीने नेमके काय होते ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या गिटारची सगळी लक्षणे त्यातच आहेत. गिब्सन या गिटार कंपनीत काम करणाऱ्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये ज्या हंबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५९ मध्ये ज्याचे पेटंट मिळाले, त्याची सगळी करामत दोन कॉइलींच्या नात्यात आहे. दोन्ही कॉइलींची विद्युत दिशा एकमेकींच्या उलट असते आणि त्यांच्या चुंबकांचे ध्रुवही उलट असतात. विजेच्या वायरींमधून आणि ट्रान्सफॉर्मरमधून येणारी घरघर चुंबकाला जुमानत नाही; ती दोन्ही कॉइलींत सारखीच शिरते आणि त्यांची दिशा उलट असल्यामुळे आपापसात कटते. तारांच्या कंपनाचा सिग्नल मात्र एकदा ध्रुवामुळे आणि एकदा दिशेमुळे असा दोनदा उलटतो, म्हणजे सुलटाच राहतो आणि त्याची बेरीज होते. डिमार्झिओच्या रंगांवर डंकनची जोडणी केली की दोनपैकी एकच कॉइल उलटी जोडली जाते, आणि हा सगळा हिशेब फिरतो: घरघरीची बेरीज होते आणि तारांचा आवाज कटतो. तोही पूर्ण कटत नाही, कारण दोन कॉइली तारेच्या किंचित वेगळ्या जागा ऐकतात. खालचे सूर दोन्हीकडे जवळजवळ सारखे असल्यामुळे ते नाहीसे होतात, आणि वरच्या सुरांचा काही भाग शिल्लक राहतो. तोच तुम्हाला ऐकू येणारा बारीक, पोकळ आवाज.

आणि मीटर? मीटरला याचा पत्ताच लागत नाही. प्रत्येकी चार किलोओहमच्या दोन कॉइली कशाही दिशेने एकापुढे एक जोडल्या तरी आकडा आठच्या आसपास येतो. तांब्याची तार किती आहे एवढेच मीटर सांगतो. ती कुठल्या बाजूने वाहते हे सांगत नाही.

हे मला कोणी एका वाक्यात सांगितले असते तर प्रकरण तिथेच मिटले असते. ज्यांच्याकडून पिकअप घेतला त्यांच्या ग्राहक विभागाला मी लिहिले. पहिले उत्तर आले की मीटरचा आकडा पाठवावा. मी पाठवला, ८.२ होता. दुसरे उत्तर आले की आकडा मर्यादेत आहे, सबब पिकअप निर्दोष आहे. मी विचारले की मग निदान वायरींच्या रंगांचा तक्ता तरी द्या. त्यावर उत्तर आले की वायरी कापलेल्या असल्यामुळे माल परत घेता येणार नाही, जे मी विचारलेच नव्हते. मी पुन्हा तक्ता मागितला, त्यांनी खोक्याचे छायाचित्र मागितले. असे बरेच दिवस चालले, आणि प्रत्येक उत्तराखाली वेगळ्या माणसाचे नाव असल्यामुळे प्रत्येक वेळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागली. राग येतो तो याचाच, की त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. पिकअप निर्दोषच होता. चूक माझ्या जोडणीत होती, आणि ती ओळखायला लागणारी एकमेव माहिती त्यांच्याकडे असून त्यांनी ती दिली नाही.

मग मी तोच पिकअप दुसऱ्यांदा मागवला, कारण माझ्या मते पहिला नग खराब निघाला होता. तोही तसाच वाजला. तिसऱ्या वेळी मी तुमच्यासारखाच ‘दणदणीत’च्या मागे लागलो आणि १५ किलोओहमच्या आसपासचा सिरॅमिक पिकअप घेतला. त्यावर नाव दुसरेच होते, पण केबल तशीच, रंग तेच आणि बहुधा कारखानाही तोच. तो मोठ्याने बारीक वाजला.

शेवटी एका जुन्या, काट्याच्या मीटरने हा गुंता सोडवला, आणि तुम्हीही आज तेच करावे असे माझे म्हणणे आहे. चारही वायरी सगळ्यांपासून मोकळ्या करा. चार वायरींच्या एकूण सहा जोड्या होतात; प्रत्येक जोडी ओहमवर मोजा. फक्त दोन जोड्यांत चारच्या आसपास आकडा येईल, बाकी चारांत काहीच येणार नाही. ज्या दोन जोड्या बोलल्या त्या तुमच्या दोन कॉइली. आता एका कॉइलीला मीटर लावलेला ठेवून त्याच कॉइलीच्या खिळ्यांवर (तारांखाली दिसणाऱ्या धातूच्या गोल टोकांवर) लोखंडी स्क्रूड्रायव्हरचे टोक पटकन टेकवा आणि काटा कुठल्या बाजूला उडतो ते पाहा. काट्याच्या मीटरवर त्यासाठी डीसीची सर्वांत लहान श्रेणी घ्यावी. डिजिटल मीटर असेल तर २० किलोओहमच्या श्रेणीवर आकडा क्षणभर वर उडतो की खाली पडतो ते पाहावे. टोक उचलताना उलटे घडते, त्यामुळे टेकवतानाची हालचालच ग्राह्य धरा. आकडा वर गेला तर मीटरच्या लाल टोकाला जी वायर आहे तिच्यावर खूण करा. खाली गेला तर दुसरीवर. दुसऱ्या कॉइलीलाही हेच. एका कॉइलीची खूण असलेली वायर सिग्नलला, तिची बिनखुणेची वायर दुसऱ्या कॉइलीच्या खुणेच्या वायरीला, आणि उरलेली अर्थला. रंग कोणतेही असोत, ही जोडणी चुकत नाही. मात्र टोक खिळ्यांवरच टेकवा. गुंडाळीला लागले तर केसासारखी तार तुटते आणि मग खरोखरच नवा पिकअप घ्यावा लागतो.

एवढ्याने हंबकर एकटा नीट वाजेल. मधल्या पिकअपसोबत लावल्यावर आवाज पुन्हा पोकळ झाला, तर मधल्या पिकअपवरही हीच चाचणी करा, मीटरचे लाल टोक त्याच्या सिग्नलच्या वायरीला लावून. काटा हंबकरच्या उलट गेला तर हंबकरची सिग्नलची आणि अर्थची वायर आपापसात बदला. उघडी वायर मात्र अर्थलाच राहू द्या. ही सोय चार वायरींच्या पिकअपलाच असते. वरून धातूची जाळी असलेल्या एकाच वायरीच्या हंबकरमध्ये जाळी तळपट्टीला जोडलेली असते, त्यामुळे अदलाबदल केली तर पिकअपचे सगळे अंग सिग्नलवर येते आणि हात लागला की घरघर वाढते. म्हणून वेगवेगळ्या कारखान्यांचे स्वस्त पिकअप एका गिटारमध्ये एकत्र करायचे असतील तर मी चार वायरींखेरीज दुसरा हंबकर घेतच नाही. हे माझे मत आहे, नियम नव्हे.

आता १५ किलोओहमबद्दल. किलोओहम हे आवाजाच्या ताकदीचे माप नाही. ४२ गेजऐवजी त्याहून बारीक ४३ गेजची तार वापरली की तितक्याच लांबीला रोध साधारण पाव पटीने वाढतो, वेढे एकानेही न वाढवता. तांब्याचा रोध तापमानानेही बदलतो, दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के, म्हणजे आठ किलोओहमचा पिकअप दहा अंश तापला की मीटरवर तो ८.३ होतो, आणि ऐकणाऱ्याला काहीही फरक कळत नाही. १९५०च्या दशकातले गिब्सनचे हंबकर, ज्यांच्या नकला आज सगळे विकतात, तेसुद्धा सातपासून नऊपर्यंत कुठेही मोजले जातात. आवाजाचा अंदाज इंडक्टन्सवरून, म्हणजे बदलत्या प्रवाहाला कॉइल किती अडवते याच्या हेन्रीतल्या मापावरून, अधिक चांगला येतो: फेंडरच्या स्ट्रॅट गिटारमधल्या सिंगल कॉइलचा दोन-अडीच हेन्री, जुन्या धर्तीच्या हंबकरचा चार-पाच, आणि तापट, म्हणजे जास्त जोराच्या, पिकअपचा सात-आठ किंवा त्याहून जास्त. हा आकडा जितका मोठा तितका वरच्या सुरांचा उठाव खाली सरकतो, आणि दर मीटरला सुमारे शंभर पिकोफॅरड धारकता भरणारी लांब केबल त्याला आणखी खाली ओढते. तुमचे बाकीचे दोन पिकअप सिंगल कॉइल आहेत. त्यांच्या शेजारी १५चा पिकअप बसवलात तर स्विच फिरवताच आवाजाची पातळी एकदम चढेल-उतरेल आणि दर वेळी हात व्हॉल्यूमवर न्यावा लागेल. मी ते काही महिने सहन केले.

सिरॅमिक म्हणजे हलक्या दर्जाचे हा समज मात्र मला मान्य नाही. चुंबक स्वस्त असला म्हणून आवाज वाईट ठरत नाही. स्वस्त सिंगल कॉइलमध्ये खरा फरक वेगळ्याच ठिकाणी असतो, आणि मधला व नेकचा (गिटारच्या मानेजवळचा) पिकअपही बदलायचा विचार तुम्ही लिहिला आहे म्हणून सांगतो. पिकअप उलटा करून पाहा. खाली एक किंवा दोन चपट्या पट्ट्या चिकटवलेल्या दिसल्या तर वरचे खिळे पोलादाचे आहेत आणि चुंबक त्या पट्ट्यांत आहे. पट्टी नसेल आणि खिळ्यांची टोके आरपार दिसत असतील तर ते खिळेच अल्निको या मिश्रधातूचे चुंबक आहेत. पोलादी खिळ्यांमुळे इंडक्टन्स वाढतो आणि आवाज जाडसर होतो; कोणाला तेच हवे असते, पण तारेचा काचेसारखा स्वच्छ आवाज हवा असेल तर आरपार चुंबकांचाच पिकअप घ्यावा. विक्रेत्याने मागच्या बाजूचे छायाचित्र दिले नसेल तर मी तो पिकअप सोडून देतो.

धातूचे झाकण असलेल्या स्वस्त हंबकरबाबतही सावध राहा. झाकण पितळेचे आणि जाड असेल तर त्यात प्रवाहाचे भोवरे उठतात आणि वरचे सूर मंदावतात. निकेल सिल्व्हरच्या झाकणात हा त्रास बराच कमी असतो. वर मुलामा असल्यामुळे दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून शंका असल्यास बिनझाकणाचा घ्यावा. पहिल्या आणि सहाव्या खिळ्याच्या मध्यांतले अंतर मागवण्यापूर्वी विचारावे. हंबकर साधारण ४९-५० मिलिमीटर आणि ५२-५३ मिलिमीटर अशा दोन मापांत मिळतात. ब्रिजजवळ तारा जास्त पसरलेल्या असतील तर मोठे माप बरे, पण एखाद्या मिलिमीटरसाठी झोप घालवू नये. पिकअप शिट्टीसारखा किंचाळला तर गुंडाळीत मेण नीट मुरलेले नाही असे समजावे. घरी मेण मुरवता येते, पण ते गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात आणि ६०-६५ अंशांच्या वर न नेता, कारण प्लास्टिकचे रीळ वाकते आणि मेण पेट घेऊ शकते. हे स्वतःच्या जबाबदारीवर करावे.

तुमच्या गिटारमधल्या पोटेन्शिओमीटरवर, म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या भागावर, ५०० (किलोओहम) लिहिले असले तरी त्यावरही फार विसंबू नका. वीस टक्के इकडेतिकडे चालते, म्हणजे तो ४०० किंवा ६००ही असू शकतो. मात्र तो विषय हंबकर सुलटा झाल्यावर.

सध्या वायरी कापू नका. कापल्या असतील तर आणखी कापू नका. सहा जोड्यांचे आकडे आणि दोन्ही कॉइलींवर काटा कुठे गेला हे रंगांसह इथे लिहा, म्हणजे कुठली वायर कुठे जोडायची ते मी सांगेन. तोपर्यंत तो १५चा पिकअप मागवू नका.