‘आहे’ला चालतं ते ‘हॅव’ला का चालत नाही?

प्रश्न असा आला आहे: ‘आय हॅव गॉन टू रामटेक लास्ट संडे’ आणि ‘आय ॲम वर्किंग इन नागपूर सिन्स फाइव्ह इयर्स’ ही वाक्यं मराठीत सरळ बसतात, मग इंग्रजीत चूक कशी?

मराठीत बसतात हीच अडचण. ‘नागपूरची मेट्रो २०१९ मध्ये सुरू झाली आहे’ यात ‘आहे’ला साल खटकत नाही. ‘हॅव’ला मात्र संपलेली वेळ शेजारी खपत नाही. यस्टरडे, लास्ट संडे, इन २०१९, टू डेज अगो असं काही आलं की ‘हॅव’ काढा: ‘द मेट्रो स्टार्टेड इन २०१९’, ‘आय वेन्ट टू रामटेक लास्ट संडे’. कधी ते सांगायचंच नसेल, रामटेक पाहिलंय एवढंच म्हणायचं असेल, तर ‘आय हॅव बीन टू रामटेक’. ‘ही हॅज गॉन टू रामटेक’ म्हणजे तो अजून तिकडेच आहे. स्वतः समोर उभं राहून ‘आय हॅव गॉन’ कसं म्हणणार?

‘धिस मॉर्निंग’ दोन्हीकडे जातं. सकाळ सुरू असेल तर ‘आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग’, संध्याकाळी सांगाल तर नुसतं ‘हॅड’.

दुसऱ्या वाक्यात चुका दोन. ‘पाच वर्षांपासून इथंच काम करून राहिलो’ असं नागपुरी बोलण्यात सहज येतं, आणि त्यावरून ‘ॲम वर्किंग’ तयार होतं. (पुणेकरांनी हसू नये, त्यांचं ‘करतोय’ही तिथेच नेतं.) मागे सुरू होऊन आजही चालू असलेल्या कामाला ‘हॅव बीन वर्किंग’ लागतं. शिवाय आपला ‘पासून’ दिवाळीलाही लागतो नि पाच वर्षांनाही. इंग्रजीत सुरुवातीच्या क्षणाला ‘सिन्स’ (सिन्स २०१९, सिन्स दिवाली) आणि मधल्या लांबीला ‘फॉर’. म्हणून ‘आय हॅव बीन वर्किंग इन नागपूर फॉर फाइव्ह इयर्स’. ‘नो’ (know, ओळखणं) यासारख्या क्रियापदांना ‘इंग’ मात्र लावू नका: ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’.

मुलाखतीत विशेष जपा. ‘आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’ व्याकरणात चोख आहे, पण ऐकणारा समजेल की नोकरी सुटली.

‘जस्ट’बद्दल फार डोकं शिणवू नका. ब्रिटिश वळण ‘आय हॅव जस्ट ईटन’, अमेरिकेत ‘आय जस्ट एट’ही सर्रास चालतं. परीक्षेत पहिलं लिहा.